बुद्रुक, खुर्द आणि हॉबिटांची गावं

आमच्या शाळेत वाचनाच्या तासाला हॅरी पॉटरचं मराठी पुस्तक या हातातून त्या हातात फिरत होतं. सातवीतली एक मुलगी ते छातीशी धरून माझ्याकडे आली आणि म्हणाली, "बाई, यातल्या पार्वती आणि पद्मा पाटील आपल्याकडच्या का?" हॉगवर्ट्स या जादूच्या शाळेत या जुळ्या बहिणी शिकतात. त्यांचं गाव कोणतं, घरी शेती किती, याचा पुस्तकात पत्ता नाही. तरी आमच्या पोरींनी त्यांना लगेच आपल्यात घेतलं. 'पाटील' एवढं आडनाव पुरलं. त्या आडनावाबरोबर चावडी आली, वाडा आला, पोळ्याला पहिला मान कुणाच्या बैलाचा हेही आलं.

तेव्हापासून मुलांशी मी या विषयावर पुष्कळ बोलत आले आहे. अद्भुत कथांमधली नावं कुठून येतात? त्यातली काही ऐकताच खरी का वाटतात, आणि काही चिकटवल्यासारखी का वाटतात?

हॅरी पॉटर लिहिणाऱ्या रोलिंगबाईंपुरतं उत्तर सोपं आहे. त्यांनी नावं जमवली. ग्लॉस्टरशर परगण्यात त्यांच्या जन्मगावापासून जवळच डर्सली नावाचं एक छोटं शहर आहे. हॅरीला छळणाऱ्या मावशीच्या घराला त्यांनी ते आडनाव म्हणून दिलं. स्नेप या पात्राचं नाव म्हणजे सफक परगण्यातलं खेडं. डम्बलडोर हा जुन्या इंग्रजी बोलीतला भुंग्यासाठीचा शब्द. हा म्हातारा जादूगार स्वतःशी गुणगुणत फिरतो आहे असं त्यांच्या मनात होतं, म्हणून त्याला भुंग्याचं नाव मिळालं. खलनायकाच्या सापिणीला त्यांनी 'नागिनी' म्हटलं, ते तर सरळ संस्कृतातून उचललेलं आहे. आपण मराठीत हे पुस्तक घेतलं तेव्हा पहिल्या भागाचं नाव झालं 'हॅरी पॉटर आणि परीस'. युरोपातल्या किमयागारांच्या त्या दगडासाठी अमेरिकेतल्या प्रकाशकाला मूळ इंग्रजी नाव बदलावं लागलं होतं. आपल्याला काही शोधावं लागलं नाही. परीस आपल्या संतांच्या ओव्यांत आणि अभंगांत शेकडो वर्षं आहेच.

माझं माहेर शिरूर तालुक्यात घोड नदीच्या बाजूचं. सासर आणि नोकरी दौंड तालुक्यात, भीमेच्या काठानं. शिरूर गावाला आमच्याकडची जुनी माणसं अजून घोडनदीच म्हणतात. दोन्ही घरांमध्ये न्हावऱ्यावरून चौफुल्याकडे जाणारा रस्ता आहे आणि त्या रस्त्यानं जाता-येता गावांच्या पाट्या वाचत मी म्हातारी होत आले. या पाट्यांनी मला जे शिकवलं, तेच मला टॉल्किन वाचताना उपयोगी पडलं. म्हणून आधी टॉल्किनबद्दल सांगते.

जे. आर. आर. टॉल्किन हे ऑक्सफर्डला जुन्या इंग्रजीचे प्राध्यापक होते. 'द हॉबिट' १९३७ साली आलं आणि 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चे तीन खंड १९५४-५५ मध्ये. मराठीत मुग्धा कर्णिक यांनी त्याचा अनुवाद केला, त्याचं नाव 'स्वामी मुद्रिकांचा'. मुद्रिका म्हटलं की आपल्याला अशोकवनात मारुतीनं सीतेपुढे टाकलेली अंगठी आठवते, त्यामुळे हे नाव मला फार आवडतं. टॉल्किननी आधी भाषा रचल्या, त्यांचं व्याकरण रचलं, त्या भाषांमधून नावं काढली आणि मग त्या भाषा बोलणारी माणसं कुठंतरी राहायला हवीत म्हणून कथा लिहिली. हे त्यांनी स्वतः पत्रांमधून सांगितलं आहे. जिथं भाषा रचली नाही, तिथं त्यांनी जुन्या ग्रंथांतून घेतलं. गँडाल्फ हे नाव आइसलंडच्या 'व्होलुस्पा' या जुन्या काव्यातल्या बुटक्यांच्या यादीतलं आहे, थोरिनही त्याच यादीतला. गँडाल्फ म्हणजे काठीवाला यक्ष, असा साधारण अर्थ लावता येतो. फ्रोडो ज्या जुन्या इंग्रजी शब्दापासून आला त्याचा अर्थ शहाणा. आणि 'मॉर्डोर' हा काळा मुलूख उच्चारताना इंग्रजी कानाला जुना 'खून' हा शब्द ऐकू येतो.

पण माझा जीव अडकला तो हॉबिटांच्या गावांत. हॉबिट ही बुटकी, शेती करणारी, दोन वेळच्या जेवणावर न भागणारी माणसं. त्यांच्या मुलखातली गावं टॉल्किननी इंग्लंडच्या मध्यभागातल्या खेड्यांच्या चालीवर बसवली. नायकाच्या घराचं नाव 'बॅग एंड' आहे, ते टॉल्किनच्या मावशीच्या शेतावरच्या घराचं खरं नाव होतं. त्या मुलखाचं मुख्य गाव 'मिशेल डेल्व्हिंग'. नकाशात शोधलं की त्याच मुलखात 'लिटल डेल्व्हिंग'ही सापडतं. 'मिशेल' हा मोठं या अर्थाचा जुना इंग्रजी शब्द, 'डेल्व्हिंग' म्हणजे खणलेली जागा. एक मोठं डेल्व्हिंग, एक धाकटं डेल्व्हिंग.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसले होते. हे तर आपलं बुद्रुक आणि खुर्द! आमच्या शिरूर तालुक्यात भीमेकाठी वढू बुद्रुक आहे, जिथं संभाजी महाराजांची समाधी आहे, आणि वढू खुर्द शेजारच्या हवेली तालुक्यात आहे. 'बुद्रुक' हा फारसी 'बुजुर्ग'चा मराठी जिभेवर घडलेला आकार, 'खुर्द' म्हणजे लहान. एका नावाची दोन गावं झाली की थोरल्याला बुद्रुक आणि धाकट्याला खुर्द. इंग्लंडातल्या खेड्यांचाही हाच रिवाज आहे, आणि टॉल्किननी तो जसाच्या तसा उचलला. हॉबिटांच्या त्या दोन गावांना मराठीत मी 'खणगाव बुद्रुक' आणि 'खणगाव खुर्द' म्हणेन. त्यांनीच तशी मुभा दिली आहे. स्वीडिश आणि डच अनुवादांवर नाराज होऊन त्यांनी अनुवादकांसाठी नावांचं एक टिपण तयार केलं होतं, जे त्यांच्या मृत्यूनंतर १९७५ मध्ये छापलं गेलं. ज्या नावांचा अर्थ इंग्रजी वाचकाला कळतो ती आपापल्या भाषेत आणा, यक्षांच्या आणि परक्या लोकांच्या भाषेतली नावं तशीच ठेवा, असा त्याचा मथितार्थ. म्हणजे वाचकाला घर आणि परका मुलूख यांतला फरक कानानंच कळावा.

माझं म्हणणं एवढंच आहे की काल्पनिक नाव खरं वाटतं ते त्या भाषेच्या नावं घडवण्याच्या सवयीमुळे. नुसत्या अर्थानं भागत नाही, नुसत्या चमत्कारिक आवाजानं तर मुळीच नाही.

आता आमच्याकडच्या पाट्या बघा. कवठे येमाई, कान्हूर मेसाई, वडगाव रासाई, तळेगाव ढमढेरे, मांडवगण फराटा, आलेगाव पागा, गणेगाव खालसा, गणेगाव दुमाला, चिंचोली मोराची. हे सगळं शिरूर तालुक्यात. भीमा ओलांडून दौंडकडे आलं की देऊळगाव राजे, देऊळगाव गाडा, स्वामी चिंचोली, राहू, आणि सोलापूर रस्त्याला रावणगाव. या नावांची एक रीत आहे. पहिला शब्द बहुतेकदा जमिनीवरचा असतो. कवठ, चिंच, निंब, वड, तळं, देऊळ. पण चिंचोल्या आणि वडगावं महाराष्ट्रभर, मग ओळख पटायची कशी? म्हणून मागे दुसरा शब्द लागतो, आणि त्या दुसऱ्या शब्दात गावाचा इतिहास असतो. येमाई, मेसाई, रासाई या गावच्या देवी. ढमढेरे आणि फराटे ही घराणी. पागा म्हणजे घोडदळाचा तळ. चिंचोलीत मोर आजही अंगणात येतात. खालसा म्हणजे जिथला वसूल थेट सरकारात जाई ते गाव, आणि दुमाला म्हणजे जे इनाम दिलेलं, जिथल्या उत्पन्नावर इनामदाराचा आणि सरकारचा असा दोघांचा हात असे. एका पाटीवर झाड, देव, घराणं आणि महसूल खातं एकत्र नांदतं. अशी नावं बसवायची म्हटली तर कल्पक लेखकालाही मोठी मेहनत पडेल, आणि ती आपल्याला रस्त्याच्या कडेला आयती मिळाली आहेत.

त्यातल्या देवींच्या नावांकडे मी मुलांचं मुद्दाम लक्ष वेधते. मेसाई, रासाई, येमाई, कुरकुंभची फिरंगाई. शेवटी 'आई' आली की आधीचा शब्द कोणताही असो, देवी तयार होते आणि देवीबरोबर तिची गोष्टही तयार होते. तुळजापूरच्या भवानीला तुकाई का म्हणतात? सीतेच्या शोधात निघालेल्या रामापुढे पार्वती सीतेचं रूप घेऊन उभी राहिली, रामानं ओळखलं आणि विचारलं, तू का आई? येरमाळ्याची येडाई का? त्याच प्रसंगी राम तिला वेडी म्हणाला म्हणून. भाषाशास्त्राचे जाणकार या व्युत्पत्ती मान्य करणार नाहीत. मला त्या फार मोलाच्या वाटतात. नाव आधी होतं, त्याचा अर्थ विसरला गेला, आणि मग लोकांनी त्या नावाच्या पोटातून एक कथा काढली. टॉल्किन आयुष्यभर हेच करत होते.

नावातून कथा काढण्याची ही रीत आपल्याकडे फार जुनी आहे. अकराव्या शतकातल्या काश्मीरच्या सोमदेवानं 'कथासरित्सागर' लिहिला. त्याचं मूळ मानल्या जाणाऱ्या बृहत्कथेचा कर्ता गुणाढ्य परंपरेनं सातवाहन राजाच्या पदरी, म्हणजे आपल्या पैठणच्या दरबारातला. त्या सागरात 'सातवाहन' या नावाचीच गोष्ट आहे. एका राजाला रानात सिंहावर बसलेला एक मुलगा दिसतो. तो सिंह म्हणजे शापित यक्ष, त्याचं नाव सात. सात ज्याचं वाहन, तो सातवाहन. ज्या राजघराण्याचा शिलालेख आमच्याच जिल्ह्यात नाणेघाटात कोरलेला आहे, त्याच्या नावावर अशी अद्भुत कथा रचली गेली.

पुराणातल्या राक्षसांची नावं तर अर्थानं उघडीच असतात. शूर्पणखा, म्हणजे सुपाएवढी नखं असलेली. कुंभकर्ण, म्हणजे घड्याएवढे कान असलेला. मेघनाद जन्मल्याबरोबर ढगासारखा गरजला म्हणून मेघनाद, पुढे इंद्राला जिंकलं म्हणून इंद्रजित. रावणाचं आधीचं नाव दशग्रीव. कैलासाखाली हात दबल्यावर त्यानं अशी आरोळी ठोकली की तिन्ही लोक हादरले, तेव्हा शंकरानं त्याला रावण हे नाव दिलं, असं रामायणाच्या उत्तरकांडात आहे. आमचे दोन्ही तालुके अशा कथांनी वेढलेले आहेत. रांजणगावच्या महागणपतीला पूजूनच शंकरानं त्रिपुरासुराला मारलं, आणि त्रिपुर म्हणजे सोन्याची, रुप्याची आणि लोखंडाची अशी तीन नगरं. दौंड तालुक्यातल्या शिरापूरसमोर, भीमेच्या पलीकडच्या काठावर सिद्धटेक आहे. मधू आणि कैटभ या दैत्यांशी लढताना विष्णूला तिथं सिद्धी मिळाली म्हणून ते सिद्धटेक. दैत्याचं नाव मधू! इतकं गोड नाव एका दैत्याला देणारा कथाकार मोठा असला पाहिजे. वाचकाच्या मनात तो पहिल्यापासून एक अस्वस्थता पेरतो.

मग मराठी कादंबरी आली. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' १८६१ सालची, त्यानंतर काही वर्षांत नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा'. या अद्भुतरम्य कादंबऱ्यांचा ओढा पहिल्यापासून संस्कृत समासांकडे राहिला. मोती, रत्नं, माळा, घोष. पुढे नाथमाधवांचा 'वीरधवल' आला, त्यातही तोच थाट. 'चांदोबा' मासिकाच्या मालिकांत आम्ही लहानपणी खड्गवर्मा आणि जीवदत्त यांच्या मागे यक्षपर्वतापर्यंत गेलो. या नावांवर माझं प्रेम आहे. त्यांच्यामुळे राजवाड्याची उंची आली. पण त्यांच्यामुळेच अद्भुत म्हणजे राजवाडा, असं समीकरण बसलं. चिंचेखालच्या पारावर अद्भुत काही घडू शकतं, हे या कादंबऱ्यांच्या नावांवरून कधी वाटलं नाही.

ही कोंडी फोडली ती मुलांसाठी लिहिणाऱ्यांनी. लुईस कॅरोलची ॲलिस मराठीत आणताना देवदत्त नारायण टिळकांनी पुस्तकाला नाव दिलं 'वेणू वेडगावात'. वेडगाव! वडगाव तर दर पाच-दहा मैलांवर एक आहे. त्यात फक्त एक मात्रा चढवली आणि ओळखीच्या गावाचं अद्भुत गाव झालं. माझ्या मते मराठीतल्या काल्पनिक स्थळांमध्ये याहून नेमकं नाव नाही. भा. रा. भागवतांनी त्याच ॲलिसला जाई केलं, 'जाईची नवलकहाणी' लिहिली. हेच भागवत ज्यांनी फास्टर फेणेला फुरसुंगीचा केला. जगभर उंडारणारा तो पोरगा पुण्याबाहेरच्या एका खऱ्या गावाचा आहे, म्हणून त्याचे पराक्रम पटतात. रत्नाकर मतकरींचं 'अलबत्या गलबत्या' घ्या. कुणीही सोम्यागोम्या या अर्थानं आपण जो शब्द सहज वापरतो, तो त्यांनी नाटकाच्या माथ्यावर चढवला, आणि त्यातल्या चेटकिणीला चिंची हे एखाद्या आळीतल्या बाईचं वाटावं असं नाव दिलं. 'निम्मा शिम्मा राक्षस', 'अचाट गावची अफाट मावशी' हीसुद्धा त्यांचीच नाटकं. विंदा करंदीकरांनी 'एटू लोकांचा देश' वसवला. एटू या शब्दाला शब्दकोशात अर्थ नाही, पण दोन अक्षरांत तो इतका आटोपशीर, मराठी मुलाच्या तोंडात इतका बसणारा आहे की त्या लोकांचा आकारही डोळ्यांसमोर येतो. भयकथेत नारायण धारपांनी एका कादंबरीचं नाव 'लुचाई' ठेवलं. मेसाई-रासाईच्या पंगतीत बसणारा शेवट, पण सुरुवात मात्र देवीच्या नावाला न शोभणारी. ओळखीचं काहीतरी बिघडलं आहे, ही भीती त्या तीन अक्षरांतच मला जाणवते.

इथपर्यंत घेतलेल्या नावांबद्दल बोलले. न घेतलेल्या नावांबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही.

हॅरी पॉटरमध्ये खलनायकाचं नाव सहसा कुणी घेत नाही. आमच्या मुलांना याचं नवल वाटत नाही, कारण त्यांच्या घरांत हे चालतं. रात्री साप निघाला तर आजही माणसं 'लांबडं' म्हणतात. जांबूत, पिंपरखेडकडच्या उसात बिबट्याचा वावर आहे, तिथं अंधार पडल्यावर नुसतं 'जनावर' म्हणणारे आहेत. नाव घेतलं की तो येतो. एका भयानक रोगालाही आपण देवी म्हटलं आणि देवी आल्या असं आदरानं बोललो. मुलं जगत नसत त्या घरात पुढच्या मुलाला दगडू, धोंडू, केरू म्हणत, म्हणजे मृत्यूची नजर त्याच्यावर पडणार नाही.

माझ्या आजीला तीन नावं होती. पाळण्यातलं एक, लग्नात तांदळावर लिहून ठेवलेलं एक, आणि मुलगा झाल्यावर अमक्याची आई हे तिसरं. पहिलं नाव तिच्या भावांशिवाय कुणी उच्चारल्याचं मी ऐकलं नाही. भाऊबीजेला थोरला भाऊ दारातून त्या नावानं हाक मारी, तेव्हा तिचा चेहरा वेगळाच होई. आजोबांचं नाव तर तिनं उखाण्याबाहेर कधी घेतलं नाही. मतदार यादीवाला दारात आला की ती आम्हा पोरांना पुढे करी.

अमेरिकन लेखिका अर्सुला ले ग्विन यांची 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' ही कादंबरी १९६८ सालची. त्या जगात प्रत्येकाचं एक खरं नाव असतं आणि ते सहसा कुणाला सांगायचं नसतं. ज्याला ते कळलं त्याची तुमच्यावर सत्ता चालते. नायकाला आईनं दिलेलं नाव डनी, लोक त्याला हाक मारतात स्पॅरोहॉक, म्हणजे ससाण्याच्या जातीचा एक छोटा शिकारी पक्षी, आणि तेराव्या वर्षी नदीचं थंड पाणी ओलांडून आल्यावर गुरू त्याच्या कानात खरं नाव सांगतो, गेड. हे वाचताना आजीची तीन नावं आठवली, आणि बारशाला आत्या बाळाच्या कानात 'कुर्रर्र' करून नाव सांगते तेही आठवलं. ज्या रीती त्या लेखिकेनं अभ्यासानं आणि प्रतिभेनं उभ्या केल्या, त्यांत आमच्या बायका जगल्या आहेत. स्वतःचं नाव जपणं आणि हरवणं म्हणजे काय, यावर मराठीत एखादी मोठी अद्भुत कादंबरी बाईच्या हातून लिहिली जावी अशी माझी फार इच्छा आहे.

'तुम्बाड' या २०१८ च्या चित्रपटात घेतलेलं नाव आणि न घेतलेलं नाव या दोन्ही गोष्टी दिसतात. गाव खरं आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या खेड तालुक्यात जगबुडी नदीकाठी तुंबाड आहे, आणि श्री. ना. पेंडशांच्या 'तुंबाडचे खोत' या कादंबरीमुळे मराठी वाचकाला ते आधीपासून माहीत आहे. चित्रपटातल्या देवीचा थोरला मुलगा हस्तर मात्र कल्पित. सोन्याच्या आणि धान्याच्या लोभापायी त्याला शिक्षा होते ती अशी, की त्याची पूजा कुणी करायची नाही आणि पुराणांतून त्याचं नाव पुसलं जाईल. हस्तर या नावाशी मिळतंजुळतं 'हॅस्टर' हे नाव अमेरिकन भयकथांमध्ये सव्वाशे वर्षांपूर्वीपासून फिरतं आहे. अँब्रोज बिअर्सच्या कथेत तो मेंढपाळांचा भला देव होता, नंतरच्या लेखकांच्या हाती तो भयंकर झाला. मराठी कानाला त्यात 'हस्त' ऐकू येतो, धान्य आणि सोनं ओरबाडणारा हात, आणि हस्त नक्षत्राचा पाऊसही. म्हणून ते कोकणातल्या त्या न थांबणाऱ्या पावसात उपरं वाटत नाही.

पुसलेल्या नावाचं सर्वांत मोठं उदाहरण आमच्या शिरूर तालुक्यातच आहे. घोड नदीच्या काठावर इनामगाव आहे. तिथल्या पांढरीच्या टेकाडांवर डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर, झेड. डी. अन्सारी ही त्यातली मोठी नावं. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० पासून ७०० पर्यंत तिथं शेतकऱ्यांची वस्ती होती. त्यांची घरं सापडली, धान्य साठवण्याच्या जागा सापडल्या, चार पायांच्या मातीच्या रांजणात पुरलेला एक माणूस सापडला, जो वस्तीचा प्रमुख असावा असं मानतात. एका घराच्या जमिनीखाली मातीची झाकणाची पेटी निघाली. तिच्यात शिर नसलेली एक स्त्रीमूर्ती होती, आणि सोबत शिर असलेली दुसरी स्त्रीमूर्ती आणि एक बैल. नऊशे वर्षं माणसं तिथं जगली, मुलांची बारशी म्हणा की आणखी काही, त्यांनी केलंच असेल. त्यातलं एकही नाव उरलं नाही. गावाचं नाही, त्या देवीचं नाही, रांजणातल्या त्या माणसाचंही नाही. 'इनामगाव' हे नाव त्यांच्यानंतर कित्येक शतकांनी आलेल्या अरबी शब्दावरून पडलेलं.

मी मुलांना तिथलं चित्र दाखवते आणि सांगते, या देवीला नाव द्या. पहिल्या खेपेला वह्यांमध्ये टीव्हीवरच्या कार्टूनसारखी, कडकड वाजणारी परदेशी नावं येतात. मग मी फळ्यावर आमच्या गावांची नावं लिहिते, दोन-दोन शब्दांची, आणि रीत समजावते. दुसऱ्या खेपेला वह्या बदलतात. कुणी धुकाई लिहितं, कुणी राखाई. एका मुलीनं शिर नसलेल्या देवीला 'मुकाई' म्हटलं. एका मुलानं गाव लिहिलं 'काजळगाव दुमाला'. मी विचारलं, दुमाला का? तो म्हणाला, "बाई, तिथं अर्धा वसूल राजाला जातो आणि अर्धा राक्षसाला." त्या एका नावात सबंध कादंबरी आहे. राजा आणि राक्षस यांच्यात तह कधी झाला, सुगीला राक्षसाचा माणूस कोणत्या वाटेनं येतो, आणि एखाद्या वर्षी पाऊस पडला नाही तर आधी कुणाचं देणं भागवायचं, हे सगळं आता लिहिता येतं.

मराठीत अद्भुत लिहू पाहणाऱ्या तरुणांना परकी नावं घेऊ नका असं मी म्हणणार नाही. दूरच्या देशाला दूरचंच नाव हवं. पण ज्या गावातून तुमचा नायक निघतो, त्या गावाचं नाव एसटीच्या पाटीवर शोभायला हवं.

आणि लेखक नसलेल्या वाचकांनाही एक काम सांगते. गावांची नावं सरकारी कागदावर आहेत, ती टिकतील. शेतांची नावं मात्र चालली आहेत. माझ्या माहेरी प्रत्येक तुकड्याला नाव होतं, चिंचेचं पट, खडक्या, पांढरीचा मळा, आणि दिवे लागल्यावर जिथं कुणी जात नसे तो हडळीचा बांध. एकत्रीकरणात सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले, सातबाऱ्यावर आकडा राहिला, आणि नवी पिढी शेताला आकड्यानंच ओळखते. या दिवाळीत गावी जाल तेव्हा घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ वही घेऊन बसा. शेताशेताचं, बांधाचं, विहिरीचं, ओढ्याच्या वळणाचं नाव विचारून लिहून घ्या. ते कशावरून पडलं तेही विचारा, आणि सांगितलेली गोष्ट खरी वाटो वा न वाटो, सांगणाऱ्याच्या शब्दांत तशीच उतरवून ठेवा.